नगरपरिषदेचा बेघर निवारा: जुन्या शाळेत ५० खाटा खरंच बसतात का?

पत्र्याची_शाळा:

नमस्कार मंडळी. सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्या असलेल्या एका नगरपरिषदेनं शहरी बेघरांसाठी निवारा सुरू करायचा ठराव केलाय. तो चालवायला संस्था नेमणार आहेत आणि आमची संस्था अर्ज करतेय. निवाऱ्यासाठी दाखवलेली जागा म्हणजे बंद पडलेली प्राथमिक शाळा. तळमजला, २० बाय २५ फुटांच्या ओळीनं चार खोल्या. व्हरांड्याकडची बाजू २० फुटांची, दार तिकडेच, प्रत्येक खोलीला एकच. व्हरांडा ८० फूट लांब, ६ फूट रुंद. मागे चार संडास, दोन मुताऱ्या. न्हाणी एकही नाही. टाकी २,००० लिटरची. बसस्थानक अडीच किलोमीटरवर.

प्रस्तावात क्षमता ५० लिहिली आहे. माझे प्रश्न:

१. इथे ५० जण बसतील का? स्त्रिया आणि पुरुष दोन्ही घ्यायचा विचार आहे.
२. वर्षाला ६ लाख मिळतील असं सांगतात. त्यात भागतं का?
३. आधार कार्ड बघितल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका, असा आग्रह आहे. बरोबर आहे का?
४. ठिकठिकाणी ऐकतो की निवारे निम्मे रिकामे असतात. माणसं तर फलाटावर, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली दिसतात. मग हे कोडं काय आहे?

मोजपट्टी:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (ते सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं) मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ५ चौरस मीटर किंवा ५० चौरस फूट जागा धरली आहे. (५ चौरस मीटर म्हणजे जवळपास ५४ चौरस फूट होतात, पण सगळीकडे ५० नंच भागतात.) आता तुमचं गणित बघा. चार खोल्या प्रत्येकी ५०० चौरस फूट, म्हणजे २,०००. व्हरांडा ८० गुणिले ६, म्हणजे ४८०. बेरीज २,४८०. भागिले ५०, झाले एकोणपन्नास पूर्णांक काहीतरी. प्रस्तावातले ५० कुठून आले ते कळलं ना? व्हरांडा मोजलाय.

व्हरांडा म्हणजे ये-जा करायची वाट. तिथे माणसं झोपवली की रात्री संडासला जाणारा त्यांच्या अंगावरून जाणार, आणि पावसाळ्यात झड आत येणार. व्हरांडा वगळला की उरतात ४०.

एका खोलीत दहा कशा बसतात ते कागदावर काढून ठेवा, तपासणीला उपयोगी पडेल. खाट साडेसहा बाय तीन फूट. २५ फुटांच्या दोन्ही भिंतींना पाच-पाच, डोकं भिंतीकडे. पाच खाटांची रुंदी १५ फूट, मधल्या चार फटी अडीच फुटांच्या, म्हणजे १०. भिंत तंतोतंत भरली. समोरासमोरच्या दोन खाटा मिळून १३ फूट, मधे ७ फुटांची वाट उरते. खाटेच्या पायथ्याशी दीड फुटी पेट्या ठेवल्या की ती ४ फुटांवर येते. चालेल, पण अकरावी खाट घुसवायला गेलात तर सगळा आराखडा मोडतो.

दुमजली खाटा कुणीतरी नक्की सुचवेल. ऐकू नका. ५० फुटांचा हिशेब जमिनीचा आहे, वर एक माणूस चढवल्यानं जमीन वाढत नाही. शिवाय निवाऱ्यात येणारे बरेचसे वयस्कर, पाय अधू असलेले, फिट येणारे किंवा दारू प्यालेले असतात. पाच फुटांवरून खाली पडलेला माणूस हा तुमच्या हजेरीपटाचा नव्हे, पोलीस पंचनाम्याचा विषय होतो.

संडास नीट बघून घ्या. प्राथमिक शाळेचे आहेत, म्हणजे भांडी लहान मुलांच्या मापाची, दारं बुटकी आणि बऱ्याच ठिकाणी कडी बाहेरून. भांडी बदलावी लागतील. एक तरी कमोड आणि भिंतीला धरायची दांडी हवीच, गुडघे गेलेल्या माणसाला त्याशिवाय बसता येत नाही. दहा माणसांमागे एक संडास आणि एक न्हाणी धरा. चाळीस पुरुषांना चार संडास कसेबसे पुरतात, पण स्त्रिया घेतल्या की दोन-दोन वाटून दोघांनाही अपुरे.

त्यामुळे एकाच आवारात दोन्ही घेऊ नका. आवाराला वेगळं फाटक, वेगळे संडास-न्हाण्या आणि मधे पक्की भिंत असेल तरच घ्या. जाळी लावून, पडदे सोडून ते होत नाही. सूचनांत एकटे पुरुष, एकट्या स्त्रिया, कुटुंबं, वृद्ध, मनोरुग्ण, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असे निवाऱ्यांचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. सुरुवातीला त्यातला एक प्रकार धरा.

पाण्याचं बोलायचं तर घरगुती वापराचा नेहमीचा दर माणशी दिवसाला १३५ लिटर. चाळीस जणांना ५,४०० लिटर. तुमची टाकी २,००० ची. ती सकाळी साडेसहाला कोरडी होणार, कारण आंघोळी सगळ्यांना पाच ते आठमध्येच करायच्या असतात. आणखी दोन टाक्या चढवा, आणि नळाला पाणी एकाआड एक दिवस येत असेल तर खाली हौद बांधून घ्या. हे परिषदेच्या दुरुस्तीच्या खर्चात घालता येतं. नवीन बांधकाम आणि असलेल्या इमारतीची दुरुस्ती, अभियानात दोन्हीला जागा होती.

शेवटचं, पण जीवावर बेतणारं. शाळेच्या खोलीला एक दार आणि खिडक्यांना पक्के गज. दाराजवळ काही पेटलं की आतले दहाच्या दहा अडकले. प्रत्येक खोलीत मागच्या भिंतीत दुसरं दार फोडा. ते होत नसेल तर एका खिडकीचे गज बिजागरीवर घ्या आणि खिटी आतून ठेवा. आणि रात्री बाहेरून कुलूप कधीही नाही. ‘पळून जातील’ म्हणून बाहेरून कुलूप घालायची सवय असते, पण निवारा म्हणजे कोठडी नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते कोण काढणार हे करारातच लिहून घ्या. नाहीतर जुलै येतो आणि परिषद तुमच्याकडे बोट दाखवते, तुम्ही परिषदेकडे.

हिशेबनीस:

मोजपट्टींना +१. व्हरांड्याची चलाखी बरोबर पकडली.

पैशाचं सांगतो. वर्षाला ६ लाख हा अभियानातला ५० क्षमतेच्या निवाऱ्याचा देखभाल-संचालनाचा दर होता आणि तो पाच वर्षांपुरता. म्हणजे महिन्याला ५० हजार, माणशी महिन्याला हजार, दिवसाला तेहेतीस रुपये. यात पगार, वीज, साबण, फिनेल, चादरी धुणं सगळं बसवायचं असं गृहीत आहे.

आता माणसं मोजा. सूचनांप्रमाणे एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीला किमान तीन काळजीवाहक. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. निवारा आठवड्याचे १६८ तास उघडा. एका माणसाला आठवड्याला ४८ तास काम. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. तिघांत भागवायचं तर प्रत्येकी ५६ तास होतात आणि साप्ताहिक सुट्टी कुणालाच नाही. मग एखादा आजारी पडतो, रात्रपाळी रिकामी राहते, व्यवस्थापक फाटकाला कुलूप लावून घरी जातो. म्हणून बदलीसाठी चौथा माणूस लागतोच. पाच जणांना सरासरी १० हजार धरले तरी ५० हजार तिथेच संपले, आणि किमान वेतनाचा हिशेब त्याहून वर जातो.

थोडक्यात, ६ लाखांत भागत नाही. भागवणारे एकतर पाळ्या कागदावर दाखवतात, नाहीतर चादरी धूत नाहीत. तुम्हाला दोन्ही करायचं नसेल तर करारात या गोष्टी परिषदेच्या नावावर टाका: वीजबिल, पाणीपट्टी, सेप्टिक टँक उपसणं, ढेकणांची फवारणी आणि इमारतीची दुरुस्ती. वीजमीटर कोणत्या वर्गवारीत आहे तेही बघा. शाळा बंद पडल्यावर मीटर कधीकधी व्यापारी दरात टाकलेला असतो, आणि बिल आल्यावरच कळतं.

दुसरी अडचण पैसा वेळेवर न येण्याची. अभियानात केंद्राचा आणि राज्याचा वाटा ६० आणि ४० टक्के होता. एक हप्ता खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा सुटत नाही. प्रमाणपत्र परिषदेनं द्यायचं असतं, ते तुमच्या देयकांवर अवलंबून, आणि तुमची देयकं लेखा विभागात ‘हजेरीपटाची प्रत जोडा’ म्हणून परत येतात. या फेऱ्यात चार-सहा महिने सहज जातात. उपाय दोन. करारात एका तिमाहीची रक्कम आगाऊ मागा. आणि दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत हजेरीपट, पगारपत्रक, खरेदीच्या पावत्या, तारीख-वेळ-ठिकाण उमटलेले फोटो असा गठ्ठा आवक क्रमांक घेऊन द्या. आवक क्रमांक नसलेला कागद दिलाच नव्हता असं समजायचं.

शुल्काबद्दल: कमावत्या माणसाकडून उत्पन्नाचा दहावा ते विसावा भाग घेता येतो. महिना ६ हजार मिळवणाऱ्याकडून ३०० ते ६०० रुपये. घ्या, पावती देऊन घ्या, पण फाटकावर घेऊ नका. ‘आधी पैसे, मग खाट’ झालं की तो निवारा राहत नाही, स्वस्तातलं लॉज होतं. आणि कमावते तरुण खाटा धरून बसतात, आजारी माणूस बाहेरच राहतो.

रात्रपाळी:

३ आणि ४ हे वेगळे प्रश्न नाहीत, एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. निवारे रिकामे असतात ते बेघर नसतात म्हणून नाही. निवाऱ्याचे नियम घर असलेल्या माणसानं केलेले असतात म्हणून.

फलाटावर झोपणाऱ्याचा दिवस कसा असतो ते बघा. भाजी बाजारातला हमाल रात्री दोन-अडीचला गाड्या उतरवायला जातो, सकाळी नऊला मोकळा होतो आणि तेव्हा झोपतो. तुमचं फाटक रात्री १० ला बंद आणि सकाळी ८ ला ‘सगळे बाहेर’. तो येणारच नाही. भंगार वेचणाऱ्या बाईकडे गोणी असते. ती तिची दुसऱ्या दिवसाची कमाई. ‘घाण आत आणू नका’ म्हटलं की ती गोणीजवळ झोपेल, खाटेवर नाही. हातगाडीवाला गाडीला पाय बांधून झोपतो. कुणाचं कुत्रं असतं. नवरा-बायको असतील तर त्याला इकडे आणि तिला तिकडे पाठवलं की दोघंही पुलाखाली परत.

म्हणून खाटांच्या आधी पुढच्या गोष्टी ठरवा. फाटक २४ तास. सूचनांतही निवारा बारमाही आणि चोवीस तासांचाच आहे आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा सांगितला तोही असाच, फक्त थंडीपुरता नाही. दिवसा झोपणाऱ्यांसाठी एक खोली राखून ठेवा, तिथे झाडलोट दुपारनंतर. आवारात पत्र्याच्या शेडखाली गोण्या ठेवायला जागा, गोणीला चिंधी बांधून खाटेचा क्रमांक. हातगाडीसाठी भिंतीत रोवलेली साखळी. खाटेजवळ दीड बाय दीड फुटांची लोखंडी पेटी, कडी तुमची, कुलूप त्याचं. कुलूपही तुमचंच दिलंत तर दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे हे त्याला माहीत असतं, आणि तो पैसे कमरेलाच बांधून झोपतो.

अडीच किलोमीटर ही तुमची खरी अडचण आहे. निवारा माणसं जिथे झोपतात आणि काम करतात त्याच्या जवळ हवा, हे सूचनांत लिहिलेलं आहे आणि ते उगाच नाही. दिवसभर ओझी वाहिलेला माणूस रात्री अडीच किलोमीटर चालत एका अनोळखी इमारतीकडे येत नाही. जागा बदलता येत नसेल तर रात्री ९ ते १२ मधे बसस्थानक ते निवारा एक गाडी ठेवा आणि तिचा खर्च प्रस्तावात दाखवा.

जागा ठरण्याआधी रात्रीची मोजणी झाली आहे का? नसेल तर करून घ्या. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती आणि देशभरात १७ लाख ७३ हजार, त्यात शहरांत ९ लाख ३८ हजार माणसं नोंदली गेली. जनगणनेच्या व्याख्येत उघड्यावर, फुटपाथवर, ह्यूम पाइपांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवळांत, मंडपांत, रेल्वे फलाटांवर राहणारे सगळे येतात. तुमच्या मोजणीतही हीच यादी घेऊन फिरा. रात्री ११ नंतर, कारण त्याआधी झोपायच्या जागा भरलेल्या नसतात. जत्रेचा दिवस टाळा, आणि पाऊस असेल तर नकोच, तेव्हा सगळे कुठेतरी आत सरकलेले असतात. दोघा-दोघांची जोडी करा, एक हद्द एकाच जोडीला. झोपलेल्याला उठवायचं नाही, डोकी मोजायची, बाई-पुरुष-मूल एवढं टिपायचं. जागा असेल त्याच्याशीच बोलायचं. मोजणी झाली की निवारा कुठे हवा ते नकाशावर आपोआप दिसतं.

आता आधार. सूचनांप्रमाणे निवाऱ्याचं एक कामच आहे की आलेल्या माणसाला ओळखपत्र, मतदार यादी, रेशन, बँक खातं, निवृत्तिवेतन यांच्याशी जोडून द्यायचं. म्हणजे ओळखपत्र हे निवाऱ्यातून मिळायचं, आणि आग्रह धरणारे ते फाटकावरच मागतायत. कागद नसलेला माणूसच सगळ्यात आधी आत यायला हवा.

रात्री दारात तीनच गोष्टी विचारा: नाव काय सांगता, काही दुखतंय का, काही खाल्लंय का. बाकीचं सकाळी. नोंदवहीत क्रमांक, तारीख-वेळ, सांगितलेलं नाव, अंदाजे वय, खाट क्रमांक, ओळखीची खूण, सोबतचं सामान, सही किंवा अंगठा. गाव आणि घरचं कुणी हे रकाने रिकामे सोडा, चार-आठ दिवसांनी माणूस स्वतःच सांगतो. पहिल्या रात्री विचारलंत तर खोटं सांगतो आणि मग त्याला ते निभवावं लागतं.

पत्र_आवक:

कागदपत्रांचा क्रम देते, कारण उलट क्रमानं गेलं की महिने वाया जातात.

आधी आधार. नवीन नोंदणी करायला धावू नका. बहुतेकांचं आधार कधीतरी काढलेलं असतं आणि हरवलेलं असतं. नवीन नोंदणी केली की बोटांचे ठसे जुन्याशी जुळतात आणि अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून बाद होतो. केंद्रावर आधी ठशांवरून जुना क्रमांक शोधायला सांगा. हमाल, बांधकाम मजूर, भांडी घासणाऱ्या बाया यांचे ठसे झिजलेले असतात, तिथे डोळ्यांवरून होतं. खरोखर नवीन असेल किंवा पत्ता बदलायचा असेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाला आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देता येतं. ते तीन महिनेच चालतं, म्हणून केंद्राची वेळ घेतल्यावरच सही करा. संस्थेच्या लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहिलेलं पत्र चालत नाही. ही चूक सर्रास होते.

मग बँक. पूर्ण कागद नसतील तर ‘छोटं खातं’ उघडता येतं: शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढणं १० हजारांपर्यंत. बारा महिने चालतं, ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा.

मतदार नोंदणी त्या मानानं सोपी. नमुना ६ मधे माणूस जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. बीएलओनं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं, राहण्याचा पुरावा वेगळा लागत नाही. अनेक बीएलओंना ही तरतूद माहीत नसते, त्यामुळे निवडणूक शाखेतून लेखी सूचना काढून घ्या.

संजय गांधी निराधार योजना सगळ्यांना हवी असते आणि तिथेच गाडी अडते. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य. बेघराकडे वास्तव्याचा कागद कुठून येणार? जुनं शाळेचं दाखला-रजिस्टर, गावची मतदार यादी, सरकारी दवाखान्याचे जुने केसपेपर, असं काहीही जोडत जा आणि तहसील कार्यालयात अर्जाची पोच घ्या. ६५ पूर्ण झालेल्यांचा अर्ज श्रावणबाळ योजनेतून.

माझ्याच उत्तराला माझीच पुस्ती: मूळ कागद निवाऱ्यात ठेवून घेऊ नका. ‘सुरक्षित राहील’ म्हणून कपाटात ठेवले जातात, माणूस एके दिवशी निघून जातो आणि त्याचं आधार तुमच्या कपाटात. झेरॉक्स ठेवा, मूळ त्याच्या पेटीत.

पत्र_आणि_पत्रा:

पोलिसांचं काय? शहरात ‘भिक्षेकरी मोहीम’ निघाली की माणसं गाडीत घालून निवाऱ्यात आणून सोडतात असं होतं का?

रात्रपाळी:

होतं, आणि निवारा संपवायचा तोच सगळ्यात जलद उपाय आहे. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ खाली पकडलेल्याला न्यायालयापुढे उभं करतात आणि भिक्षेकरी गृहात पाठवतात. ती वेगळी यंत्रणा. निवारा स्वेच्छेचा, इथून कुणीही कधीही निघून जाऊ शकतो. एकदा गाडीनं माणसं आणून टाकली की दुसऱ्या दिवशी ती जातातच, शिवाय स्वतःहून आलेलेही जातात, आणि ‘तिथे धरून नेतात’ ही बातमी बसस्थानकावर तासाभरात पोचते. ती पुसायला वर्ष लागतं. पोलीस ठाण्याशी आधीच बोलून ठेवा, परिषदेचं पत्र द्या. रात्री गस्तीला कुणी सापडलं तर दूरध्वनी करा, आम्ही घ्यायला येतो, एवढं ठरलं तरी खूप.

दोन ठिकाणी मात्र निवाऱ्यानं आपल्याच खांद्यावर घ्यायचं नाही. एकटं मूल, म्हणजे १८ च्या आतलं, आलं तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आणि २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे. त्याला मोठ्यांच्या खोलीत एक रात्रसुद्धा नको. मारहाणीतून आलेली बाई असेल तर १८१ ही महिला मदतवाहिनी, सखी केंद्र.

औषधपेटी:

निवारा रिकामा होण्याचं एक कारण कुणी लिहिलं नाही: ढेकूण.

लाकडी खाटा घेऊ नका, फुकट मिळाल्या तरी. लोखंडी नळीची खाट, आणि नळ्यांची टोकं रबरी बुचानं बंद, नाहीतर ढेकणांना तयार घर. गादीला चारी बाजूंनी शिवलेलं रेक्झिनचं आवरण. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून १० ते १४ दिवसांनी दुसरी लागतेच. परिषदेच्या आरोग्य विभागाकडून एकदा फवारून ‘झालं’ म्हणतात आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्या फवारणीची तारीख पहिल्याच पत्रात लिहा. चादरी ६० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात. उन्हात टाकून पुरत नाही, घडीच्या आत ढेकूण खुशाल असतो.

खरूज एकाला झाली की खोलीतल्या दहाही जणांना एकाच दिवशी औषध, खाज असो नसो. डॉक्टर सहसा पर्मेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम देतात, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली सुद्धा. ८ ते १२ तास ठेवून धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. त्याच दिवशी सगळे कपडे-चादरी बदलायच्या. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला. फक्त खाजवणाऱ्याला औषध दिलं तर महिन्याभरात ते फिरून त्याच्याकडेच येतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासणी, सरकारी दवाखान्यात मोफत. क्षयाचं निदान झालं की उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, म्हणून वर पत्र_आवक यांनी सांगितलेलं बँक खातं आधीच हवं. खोलीत एकाआड एक खाटेवर डोक्याची बाजू उलटी ठेवा, मोजपट्टींच्या अडीच फुटी फटीत तेवढंच अंतर वाढतं. खिडक्या रात्रीही उघड्या, जाळी लावून.

दारू: पिऊन आलेल्याला घ्यायचं, आत प्यायला बंदी. ‘पिऊन आला तर बाहेर’ हा नियम थंडीत माणूस मारतो. पण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जास्त लक्ष द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट. हे वेड किंवा नाटक नव्हे, रुग्णवाहिका बोलवायची वेळ आहे.

मनोरुग्ण वाटणारा आणि स्वतःला सांभाळू न शकणारा कुणी रस्त्यावर असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे त्याला ताब्यात घेऊन २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणं हे पोलिसांचं काम आहे. निवाऱ्यात आणून सोडलं की काम संपलं असं नाही. कलमाचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, रात्री दोन वाजता वाद घालताना आठवत नाही.

पत्र_आणि_पत्रा:

सगळ्यांचे आभार. (वरचा पोलिसांचा प्रश्न आणि हे, दोन्ही मीच, पत्र्याची_शाळा. दुसऱ्या खात्यातून लिहिलं गेलं.) म्हणजे प्रस्तावात ५० चे ४० करून घ्यायचे? पण सूचनांत एक निवारा ५० ते १०० चा म्हटलाय ना? ४० लिहिले तर प्रस्तावच परत येईल अशी भीती आहे.

मोजपट्टी:

दोन टप्पे दाखवा. पहिला टप्पा ४०, चार खोल्या आणि चार न्हाण्या. दुसरा टप्पा ५०, मागच्या मोकळ्या जागेत २० बाय २५ ची पाचवी खोली, तिच्याच पाठीला एक न्हाणी आणि एक संडास. तिचं अंदाजपत्रक परिषदेच्या अभियंत्याकडून करून प्रस्तावाला जोडा. दर लाखामागे किमान १०० जणांची सोय व्हायला हवी, म्हणजे सव्वा लाखाच्या शहराला ही शाळा तशीही एकटी पुरणार नाही. दुसरा निवारा, स्त्रियांचा किंवा कुटुंबांचा, बसस्थानकाजवळ, हेही त्याच प्रस्तावात एका परिच्छेदात लिहून टाका, म्हणजे जागा शोधायची जबाबदारी परिषदेवर राहते.

आणि शाळेच्या छताचे पत्रे जूनच्या आधी तपासा. नावात पत्रा आहे म्हणून म्हणतो. पत्र्याखाली छत नसेल तर एप्रिलमधे दुपारी झोपणारा हमाल तिथे दहा मिनिटंही टिकणार नाही, आणि ती दिवसा झोपायची खोली कागदावरच राहील.